काचेवरची नेमबाजी

कीबोर्डवरच्या 'एफ' आणि 'जे' या दोन कळांवर बोटाला जेमतेम लागेल असा बारीक उंचवटा असतो. टायपिंग शिकलेल्या माणसाच्या तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीची बोटं आपापल्या जागी बसतात आणि डोळे पडद्यावर मोकळे राहतात. मोबाइलच्या काचेला असा एकही उंचवटा नाही. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे पोरांच्या तोंडचा बीजीएमआय, सुरू केला की त्या गुळगुळीत काचेवर बटणांचा बाजार भरतो. डावीकडे चालण्याचं चाक, उजवीकडे गोळीचं बटण, त्याच्या आसपास उडी, बसणं, आडवं पडणं, स्कोप, रिलोड, कोपऱ्यातून डोकावणं. ही सगळी नुसती चित्रं. अंगठा चार-पाच मिलिमीटर भरकटला तरी त्याला स्वतःला पत्ता नसतो. पत्ता लागतो तेव्हा गोळी झाडायच्या ऐवजी तुम्ही जागच्या जागी उडी मारलेली असते आणि समोरच्याने तुम्हाला 'नॉक' केलेलं, म्हणजे लोळवलेलं असतं.

घरातली मोठी माणसं कुतूहलाने हा खेळ हातात घेतात, दोन मिनिटांत फोन परत देतात आणि वर 'आमचा हात आता तेवढा चालत नाही' म्हणतात. हाताच्या वेगाला उगाच दोष दिला जातो. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत तरण्याताठ्या माणसालाही पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि पन्नाशीत तो काही दुप्पट होत नाही. खरी गोम अशी की उजव्या अंगठ्यावर दोन बोटांचं काम येऊन पडलंय.

नेमबाजीच्या कुठल्याही खेळात तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात: पाय हलवायचे, नजर फिरवून नेम धरायचा, गोळी झाडायची. संगणकावर डावा हात कळा दाबून चालतो, उजवं मनगट माउस फिरवून नेम धरतं आणि तर्जनी क्लिक करते. कन्सोलच्या कंट्रोलरवर दोन अंगठ्यांखाली दोन दांड्या आणि तर्जनीखाली ट्रिगर. खऱ्या रायफलीतही हीच वाटणी असते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तिथे नेम सगळ्या शरीराने धरायचा असतो. ट्रिगरवरच्या बोटाने फक्त ट्रिगर ओढायचा आणि नेमाला धक्का लागू द्यायचा नाही. फोन दोन तळहातांत धरला की मात्र काचेवर पोचणारे दोन अंगठेच उरतात. डावा चालण्यात अडकलेला. उजव्याने काच घासून नेम शत्रूवर आणायचा, मग काचेवरून उठायचं आणि गोळीच्या बटणावर टेकायचं. तो उठून टेकेपर्यंत नेमाला कोणी वाली नाही, आणि समोरचा धावतोय.

स्पर्शाच्या पडद्यावर हे खेळ खेळायला शिकणं म्हणजे बव्हंशी या एका अंगठ्याचा भार हलका करणं.

प्रत्येक यंत्राला हाताची अशी एक रीत सापडायला वेळ लागला आहे. संगणकावर डब्ल्यू, ए, एस, डी या कळांनी चालायची पद्धत आज जन्मापासून असल्यासारखी वाटते, पण ती रुळण्यात 'थ्रेश' या नावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगचा मोठा वाटा होता; 1997 मध्ये 'क्वेक'च्या एका स्पर्धेत त्यानं त्या खेळाचा निर्माता जॉन कारमॅक याची फेरारी जिंकली आणि त्याच्या सवयींची नक्कल सुरू झाली. कन्सोलची गोष्ट आणखी गमतीची. 2000 मध्ये प्लेस्टेशनवर 'एलियन रिसरेक्शन' आला. डाव्या दांडीने चालायचं, उजव्या दांडीने बघायचं, अशी त्याची मांडणी. एका समीक्षकाने त्याच मांडणीवर तोंडसुख घेतलं. पुढच्या वर्षी 'हेलो' आला आणि आज कन्सोलवरचा जवळपास प्रत्येक नेमबाजीचा खेळ तसाच चालतो. एकाच वेळी अनेक बोटं ओळखणारा पडदा आयफोनने 2007 मध्ये घरोघरी पोचवला आणि 2009 मध्ये गेमलॉफ्टच्या 'नोव्हा'सारख्या खेळांनी कन्सोलच्या त्या दोन दांड्या चित्ररूपाने काचेवर उतरवल्या. ट्रिगर तेवढा उतरला नाही, कारण तो असतो कंट्रोलरच्या पाठीमागे आणि फोनच्या पाठीला पडदा नाही. मार्च 2018 मध्ये पबजी मोबाइल, म्हणजे बीजीएमआयचं मूळ रूप, जगभर आला तो हा अडलेला प्रश्न घेऊनच.

काच बोटाला ओळखते कशी, हे थोडं समजून घेतलं की बऱ्याच कुरबुरींचा उलगडा होतो. काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक पदार्थाच्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो, आणि आजूबाजूच्या अनेक छेदबिंदूंवरचा बदल मोजून फोन त्या डागाचा मध्य काढतो. मध्य, टोक नव्हे. अंगठा टोकावर उभा धरला तर मध्य नखाजवळ येतो. थकल्यावर तोच अंगठा आडवा पडतो, डाग लांबट होतो आणि मध्य खाली पेराकडे सरकतो. बटण होतं तिथेच असतं, तुम्ही दाबलंतही त्याच अंदाजाने, तरी फोनच्या हिशेबी तुमचं बोट दुसरीकडे. दोन तासांच्या खेळानंतर 'आज टच नीट चालत नाहीये' अशी जी तक्रार येते, तिच्यातला बराच भाग हा असतो. उरलेला घामाचा. खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून काचेवरचा ओला पट्टा जाळीला फसवतो, आणि कोरडं बोट जिथे घसरतं तिथे ओलं चिकटतं. पोरं अंगठ्यात चंदेरी टोप्या घालून बसतात त्या एवढ्याचसाठी: कापडात वाहक धागा विणलेला असतो, घाम आत राहतो आणि बोट सारख्याच ओढीने सरकतं. जाडजूड स्वस्त स्क्रीनगार्ड मात्र आधी काढून बघावा.

जाहिरातींतल्या 'टच सॅम्पलिंग'च्या आकड्यांनी फार भुलून जाऊ नये. 240 हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदात 240 वेळा बोटाची चौकशी करतो, साधारण चार मिलिसेकंदांनी एकदा. 120 हर्ट्झच्या फोनला आठ लागतात. दिसल्यापासून बोट हलेपर्यंतचा तुमचा पाव सेकंद म्हणजे 250 मिलिसेकंद. शिकणाऱ्याने त्या चार मिलिसेकंदांसाठी नवा फोन मागणं हा आईवडिलांवर अन्याय आहे.

बटणांच्या मांडणीला हात घातला की खरं शिकणं सुरू होतं. बीजीएमआयमध्ये प्रत्येक बटण उचलून हवं तिथे ठेवता येतं, लहान-मोठं करता येतं, फिकं करता येतं. नवखे याकडे बघतही नाहीत. मिळालेल्या मांडणीवर महिनोन् महिने काढतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये लोकांना हातात लेखणी देऊन दोन धातूच्या पट्ट्यांवर आळीपाळीने ठोके द्यायला लावले होते. पट्ट्या लांब नेल्या किंवा अरुंद केल्या की लोकांना जास्त वेळ लागायचा, आणि त्या वेळेचं गणित इतकं नेमकं निघालं की आजही पडद्यावरची बटणं त्यावरून ठरतात. गूगलच्या आरेखन-नियमांत बटणाची किमान बाजू साधारण नऊ मिलिमीटर सांगितली आहे. खेळात एवढी चैन परवडत नाही, कारण प्रत्येक मोठं बटण शत्रू दिसण्याची जागा खातं. मग भांडणात लागणारी बटणं मोठी आणि अंगठ्याच्या स्वाभाविक वळणावर. पिशवी, नकाशा, गाडीचा हॉर्न वगैरे लहान आणि दूर. अंगठा तळाच्या सांध्यातून फिरतो, म्हणून त्याची पोच सरळ रेषेत नसून कमानीत असते. फोन धरून, डोळे मिटून अंगठा सहज फिरवून पाहिला तर ती कमान कुठून जाते ते कळतं. गोळी, स्कोप आणि उडी त्या कमानीवर हवीत. चालण्याच्या चाकाचं त्या मानाने बरं असतं. बहुतेक खेळांत ते डाव्या बाजूला अंगठा जिथे टेकेल तिथेच उमटू शकतं, म्हणून त्याला शोधावं लागत नाही.

खेळ बनवणाऱ्यांनीही उजव्या अंगठ्याला थोडी मदत केली आहे. गोळीचं बटण दाबून धरलं आणि अंगठा तसाच ओढला तर नजरही फिरते. म्हणजे झाडता झाडता नेम सावरता येतो. शिवाय जवळच्या अंतरावर 'एम असिस्ट' नेमाला शत्रूकडे हळूच ओढतो. सुरुवातीला तो चालू ठेवण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दोन माणसं शेजारी शेजारी असली की भलत्याच्याकडे ओढतो म्हणून काही जाणते तो बंद ठेवतात.

तरीही नेम आणण्यापासून पहिली गोळी सुटेपर्यंतचा खंड उरतोच. त्यावरचा उपाय खेळाडूंनीच काढला: डाव्या वरच्या कोपऱ्यात गोळीचं आणखी एक बटण ठेवायचं आणि डावी तर्जनी आकड्यासारखी वाकवून फोनच्या वरच्या कडेवरून त्यावर आणायची. झाली तीन बोटं. उजवी तर्जनीही वर आली, तिच्याकडे स्कोप दिला, की चार. यालाच 'क्लॉ' म्हणतात. आता उजव्या अंगठ्याला नेमाशिवाय दुसरं काम नाही, ट्रिगर पुन्हा तर्जनीकडे आला आणि कन्सोलवाल्यांची वाटणी काचेवर परत जुळली. किंमत अशी की फोनला मागून आधार देणारी दोन बोटं गेली. सगळा भार मधल्या बोटांवर आणि करंगळीवर येतो, पहिले काही दिवस फोन हातात डगमगतो आणि पूर्वी जिंकत होतो त्याच ठिकाणी माणूस सपाटून मार खातो. बरेच जण इथेच माघारी फिरतात. एक फसगत आणखी आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत तीन बोटं एकदम खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो. ऐन चकमकीत तीन बोटं काचेवर, अंगठा खाली ओढलेला, आणि खेळ थबकून तुमच्याच मरणाचा फोटो काढतो. क्लॉ शिकायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करायची. वरून घसरणाऱ्या सूचनाही.

यानंतर येते 'सेन्सी'. गणपतीत गावच्या ओट्यावर चुलतभावंडं जमली की 'तुझी सेन्सी दे ना' हा संवाद ठरलेला. सेन्सी म्हणजे सेन्सिटिव्हिटी: अंगठा काचेवर किती सरकला की नजर किती फिरावी, याचं प्रमाण. ती जास्त असली तर मागून गोळ्या आल्यावर गर्रकन वळता येतं, पण लांबच्या माणसावर नेम थरथरतो. कमी असली तर उलट. म्हणून प्रत्येक स्कोपला वेगळा आकडा असतो; सहापट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून अंगठ्याची तीच हालचाल सहापट मोठी दिसते, तिचा आकडा खाली आणावाच लागतो. शिवाय दोन वेगळे तक्ते असतात. 'कॅमेरा'चा तक्ता गोळी सुटत नसतानाचा. 'एडीएस'चा तक्ता गोळ्या सुटत असतानाचा. नवख्यांचा गोंधळ होतो तो यात: बंदूक वर उसळते म्हणून ते कॅमेऱ्याचे आकडे बदलत बसतात आणि उसळीवर काहीच फरक पडत नाही.

हे हाताने तपासून पाहायची जागा म्हणजे ट्रेनिंग ग्राउंड. एम 416 रायफल घ्यावी, तिच्यावर रेड डॉट हा मोठं न दाखवणारा साधा स्कोप लावावा, भिंतीसमोर उभं राहावं. पहिल्यांदा अंगठा अजिबात न हलवता पूर्ण मॅगझिन रिकामं करावं. तीस गोळ्या अडीच सेकंदांच्या आसपास संपतात आणि भिंतीवर खालून वर जाणारा गोळ्यांचा माग उरतो. ही त्या बंदुकीची उसळी. दुसऱ्या मॅगझिनला गोळ्या सुटत असतानाच अंगठा सरळ खाली ओढत न्यावा. माग तरीही वर चढत असेल तर एडीएसचा आकडा थोडा वाढवावा. जमिनीकडे जात असेल तर कमी करावा. डावी-उजवीकडे नागमोडी जात असेल तर आकड्याला हात लावू नये, तो अंगठ्याचा दोष आहे. सगळ्या गोळ्या ताटाएवढ्या जागेत येऊ लागल्या की खाली बसून तेच करून पाहावं, कारण बसल्यावर उसळी कमी होते. एम 762 सारखी आडदांड बंदूक एवढ्यात हातात घेऊ नये. सुरुवातीच्या सामन्यांत समोर बरेचसे बॉट असतात, म्हणजे संगणकाने चालवलेले बावळट गडी. तिथे मिळालेल्या विजयावरून आकडे बरोबर आहेत असं कोणी समजू नये. भिंत त्या मानाने प्रामाणिक आहे.

नामवंत खेळाडूंच्या मांडण्या आणि आकडे कोडच्या रूपाने सर्रास फिरतात. कोड टाकला की त्यांची सगळी बटणं तुमच्या फोनवर येतात. सुरुवातीचा कच्चा आराखडा म्हणून ठीक. पण त्या माणसाचा पंजा, त्याच्या फोनची रुंदी आणि फोन धरायची त्याची ढब कोडमध्ये येत नाही. आयपॅडवर खेळणाऱ्याची मांडणी सहा इंची फोनवर आणली तर अंगठ्यांची वाट लागते.

आता जायरो. माझ्या मते शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त फळ देणारी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट हीच. फोनच्या पोटात जायरोस्कोप नावाची चिमुकली चिप असते. तिच्यातली सिलिकॉनची सूक्ष्म वस्तुमानं सतत कंप पावत असतात. फोन फिरला की कंपाची दिशा किंचित बाजूला ढकलली जाते आणि ती ढकल मोजून फोन किती वेगाने फिरतोय ते कळतं. 2010 च्या आयफोन 4 पासून ही चिप फोनांत दिसू लागली. खेळात ती चालू केली की फोनच तुमची नजर होतो: डावीकडे वळवला की डावीकडे, पुढे झुकवला की खाली. बंदुकीची उसळी अंगठ्याने ओढायच्या ऐवजी मनगटं किंचित पुढे झुकवून सावरता येते. अंगठ्याने लांबची वळणं घ्यायची, मनगटाने शेवटचे बारीकसारीक मिलिमीटर साधायचे. काचेवर घर्षण आहे, घाम आहे, कडा आहेत. हवेत त्यांतलं काहीच नाही.

पहिल्यांदा जायरो चालू करणाऱ्याला बोटीत बसल्यासारखं वाटतं. म्हणून सेटिंगमध्ये 'स्कोप उघडल्यावरच' असा पर्याय आहे. तिथून सुरुवात करावी आणि आकडे लहान ठेवावेत. जाणते खेळाडू रेड डॉटसाठी तीनशेच्या घरातले आकडे ठेवतात ते पाहून घाई करू नये. एक गंमत मात्र सांगायला हवी. जायरो फक्त फिरणं मोजतो, सरळ रेषेतला वेग त्याला कळत नाही. लोकल कितीही भरधाव सुटली, करकचून थांबली, तरी त्याला काही फरक पडत नाही. पण एसटी घाटात वळली की बसबरोबर तुम्ही, तुमच्याबरोबर फोन, फोनबरोबर चिप, असं सगळंच वळतं आणि खेळातला तुमचा माणूस कारण नसताना डोंगराकडे बघू लागतो. कशेडीच्या वळणांवर जायरो बंद ठेवणं शहाणपणाचं.

एवढं सगळं बसवल्यावर ते पुन्हा हलवायचं नाही, हा भाग लोकांना सर्वांत अवघड जातो. हाताचं शिकणं डोक्याच्या आठवणींपेक्षा वेगळ्या ठिकाणी साठतं. याचा प्रसिद्ध पुरावा एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या गेलेल्या अमेरिकन रुग्णाचा. 1953 मध्ये अपस्मारासाठी झालेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्या मनात नव्या घटना टिकेनाशा झाल्या. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची रेघ गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि दर वेळी तो म्हणायचा की हे काम आपण पहिल्यांदाच करतोय. हाताला येत होतं, माणसाला माहीत नव्हतं. पबजीवर 2 सप्टेंबर 2020 ला भारतात बंदी आली आणि 2 जुलै 2021 ला त्याचंच भारतीय रूप बीजीएमआय म्हणून आलं. दहा महिन्यांनी परतलेल्यांना नकाशातली ठिकाणं आठवावी लागली तरी अंगठे जुन्या जागी आपसूक गेले, ते याच कारणाने. पण बटण अर्धा सेंटिमीटर सरकवलं की ही सगळी कमाई उलटी फिरते, कारण अंगठा आता पूर्ण आत्मविश्वासाने चुकीच्या जागी जातो. एक सामना हरला की मांडणी बदलणारा खेळाडू रोज नव्याने नवखा होतो.

सराव किती करायचा, यावर ब्रिटनच्या टपाल खात्यात झालेला एक प्रयोग फार बोलका आहे. टपाल कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवताना ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे गट पाडले; निष्कर्ष 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाला एकच तास बसणाऱ्यांना कळा शिकायला एकूण तास सर्वांत कमी लागले, दिवसाला चार तास बसणाऱ्यांना सर्वांत जास्त. आणि नाराज कोण होते? एक तासवाले. दुसऱ्या गटांच्या मानाने दिवस जास्त लागत होते, म्हणून आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. रविवारी सलग सहा तास बसून क्लॉ 'आत्मसात' करू पाहणाऱ्यांना हे सांगून पटत नाही. 18 वर्षांखालच्यांना तर बीजीएमआय दिवसाला तीन तासच खेळू देतो. शिकण्याच्या दृष्टीने तेही गरजेपेक्षा जास्तच आहेत: वीस मिनिटं भिंत, मग दोन-तीन टीडीएम (टीम डेथमॅच, म्हणजे छोटे सांघिक सामने), फार तर एक मोठा सामना.

अंगठा दुखायला लागला तर मात्र हिशेब वेगळा. अंगठा वर उचलणारे स्नायुबंध मनगटाच्या कडेला एका अरुंद नळीतून जातात आणि तोच तो ताण पडत राहिला की नळीला सूज येते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हॅं यांनी 1895 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, तेव्हा फोनला पडदाच नव्हता. कपडे पिळणाऱ्या आणि तान्ही मुलं उचलणाऱ्या हातांना ते तेव्हाही होत असे. घरच्या घरी एक चाचणी करता येते. अंगठा मुठीत घ्यायचा आणि मनगट करंगळीच्या दिशेने हळूच वाकवायचं. अंगठ्याच्या बाजूला सणकन कळ आली तर सेन्सी, क्लॉ, रँक सगळं बाजूला ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायचं, आणि त्यांनी मनगटाला पट्टा बांधला तर तो घालून खेळायला बसायचं नाही.